तळाचे मासे गरवायला चार्टर बोटीवर जाताय? या चुका टाळा

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला हाफ मून बे आहे. तिथल्या पिलर पॉइंट बंदरातून पहाटे ज्या चार्टर बोटी सुटतात, त्यांवर उन्हाळ्यात दोन-चार मराठी माणसं हमखास भेटतात. लहानपणी जेटीवर बसून तंगूस टाकलेली असते, त्यामुळे गरवणं आपल्याला नवीन नाही असं वाटतं. मलाही वाटायचं. पण इथले रॉकफिश आणि लिंगकॉड म्हणजे तळाचे मासे, दीडशे-दोनशे फूट खाली खडकांच्या कपारीत राहणारे. बोटीवर होणाऱ्या बहुतेक चुका एवढी एकच गोष्ट विसरल्यामुळे होतात.

एक चूक मात्र घरीच होते: बोट लागल्यावर गोळी घेणं. तेव्हा ती पोटात ठरत नाही. मेक्लिझिनसारखी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते. कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच किमान चार तास आधी लावावा लागतो, आणि तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतो. मळमळायला लागलं की केबिनमध्ये जाऊन आडवं व्हावंसं वाटतं. तसं करू नका. बोटीच्या मागच्या बाजूला, मधोमध उभे राहा आणि नजर क्षितिजावर ठेवा.

समुद्राचा अंदाज बघतानाही नुसती लाटेची उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. आठ फुटांची लाट चौदा सेकंदांनी येत असेल तर बोट सावकाश चढते-उतरते. तीच आठ सेकंदांनी आली तर उभं राहणं मुश्कील. जून असला तरी जॅकेट घ्या, पाणी जेमतेम १० ते १४ अंश असतं.

"खाली वजन लागलं, पण मासाच लागत नाही"

ही तक्रार दर फेरीला ऐकू येते. रील मोकळं सोडताना अंगठा स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या फिरकीवर, हलका टेकलेला हवा. वजन तळाला टेकताच दोरी सैल पडते. त्याच क्षणी थांबवून एक-दोन वेढे वर घ्या. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. पुढे मात्र लोक रॉड धरून गप्पा मारत बसतात. बोट वाहत असते, खालचा खडक कुठे वीस फूट उंचावतो, कुठे खचतो. मिनिटभरापूर्वी तळाशी असलेला गळ आता अधांतरी लटकतोय किंवा कपारीत शिरलाय. म्हणून दर थोड्या वेळाने वजन पुन्हा टेकवून तळ चाचपायचा. हे काम दिवसभर चालतं, आणि शेजाऱ्याला मासे लागताहेत, आपल्याला नाहीत, याचं कारण बहुधा हेच असतं.

दोरी तिरपी लांब जायला लागली तर आणखी सोडत बसू नका. वर घ्या, पुन्हा सरळ सोडा. खलाशी सांगेल तेवढंच वजन लावा; एकाचं हलकं नि एकाचं जड असलं की शेजारच्या चार दोऱ्यांचा गुंता होतो.

रॉकफिशने गळाला तोंड लावलं की झटका मारू नका, तो गळ ओढून स्वतःच अडकतो. रॉड उचला आणि न थांबता गुंडाळा. मध्येच तो फार जड झाला, तर लागलेल्या रॉकफिशला लिंगकॉडने धरलेलं असू शकतं. अशा वेळी त्याच्या तोंडात गळ नसतो, नुसत्या हट्टाने तो वर येतो. त्याचं डोकं पाण्याबाहेर काढलंत की सुटलाच. पाण्याखालीच ठेवा आणि जाळी मागवा.

गळ खडकात अडकला तर रॉड वाकवून हिसके देऊ नका. टोक पाण्याकडे करा, स्पूल दाबून धरा, बोटीलाच ओढू द्या. विणलेली दोरी हाताला कधीही गुंडाळू नका, ती मांसात शिरते.

सोडलेला मासा जगतोच, हा समज

माझी सगळ्यात मोठी चूक ही. दुसऱ्याच फेरीत एक लालभडक मासा लागला, डोळे पिवळेजर्द. यलोआय रॉकफिश, तो ठेवायला बंदी आहे. मी त्याला हळूच पाण्यात सोडलं. तो बोटीमागे पोट वर करून तरंगत राहिला आणि सीगल त्याच्या डोळ्यांवर उतरले. ते दृश्य अजून मनातून जात नाही.

घोळीच्या ज्या भोताला आपल्याकडे सोन्याचा भाव येतो, तीच ही माशाच्या पोटातली हवेची पिशवी. ६० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सातपट असतो. मासा झरझर वर आला की पिशवीतली हवा फुगते, आणि रॉकफिशला ती बाहेर सोडता येत नाही. डोळे बाहेर येतात, तोंडातून फुग्यासारखं काही डोकावतं. पुष्कळ जण त्यालाच टाचणी टोचतात. तो फुगा म्हणजे माशाचं जठर असतं. टोचल्याने जखम तेवढी वाढते.

उपाय एकच, त्याला पुन्हा खाली पोचवणं. ओठाला चिमटा लावून वजनासह खाली सोडायचं साधन असतं. ठरलेल्या खोलीवर दाबाने चिमटा उघडतो आणि मासा पोहत निघून जातो. सकाळीच विचारा ते कुठे ठेवलंय, मासा हातात आल्यावर शोधाशोध नको. लिंगकॉडला ही पिशवीच नसते, त्यामुळे २२ इंचांहून लहान लिंगकॉड तसाच सोडला तरी खाली जातो. नियम हंगामाच्या मध्येही बदलतात. निघायच्या आदल्या दिवशी कॅलिफोर्निया राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याचं संकेतस्थळ बघा.

एवढी काळजी का, तर यलोआय शंभरहून अधिक वर्षं जगतो आणि फार उशिरा वयात येतो. २००० साली या किनाऱ्यावरची तळाची मासेमारी इतकी खालावली की अमेरिकेच्या वाणिज्य मंत्र्यांनी ती आपत्ती म्हणून जाहीर केली. कडक बंधनं आली, मग लिंगकॉड २००५ मध्ये सावरला, कॅनरी रॉकफिश २०१५ मध्ये. आज आपल्याला मासे लागतात ते त्या वर्षांमुळे.

मासा हातात आल्यावर

रॉकफिशच्या पाठीचे काटे सौम्य विषारी असतात, त्याला खालच्या ओठाला धरा. लिंगकॉडच्या तोंडात किंवा कल्ल्यात बोट घालू नका. मासा मारल्यावर लगेच कल्ला कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात ठेवा. गोणीत उन्हात राहिलेल्या माशाचं कालवण कितीही आमसुलं घातली तरी उग्रच लागतं. परतताना खलाशी मासे साफ करून देतो, त्याला टिप द्या. डोकी आणि काटे मात्र आधीच मागून ठेवा, नाहीतर ते समुद्रात जातात, आणि कालवणाला खरी चव त्यांचीच.

घरी आल्यावर लिंगकॉडची तुकडी कापताना मांस निळं-हिरवं दिसलं तर घाबरून टाकून देऊ नका. काही लिंगकॉड तसेच असतात. हळद-तिखट लावून तव्यावर टाका, शिजता शिजता तो पांढराशुभ्र होतो.