दोघांची करवत कशी चालवायची

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरात खुंटीवर पाच फुटी करवत अजून टांगलेली आहे. हरदा-बैतूलकडच्या सागवानी कूपांत, म्हणजे जंगलात तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यांत राबलो, तेव्हाची. नातवाला शिकवलं तसंच सांगतो.

करवत फक्त ओढायची, ढकलायची नाही. आपलं ओढून झालं की हात सैल सोडा, समोरचा ओढेल. ढकललंत तर पातं वाकतं.

ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर मधला काप मिटत येतो आणि पातं अडकतं. पात्याची पाठ आत गेली की लगेच मागे लाकडाची पाचर हलकेच ठोका. एक टोक अधांतरी असेल तर काप आपणच उघडतो, तेव्हा मात्र पाय लांब ठेवा.

भुशाकडे लक्ष द्या. लांब धागे निघाले तर धार आहे, पीठ पडू लागलं तर कानस घ्या. चिकटा बसला तर रॉकेलचा बोळा फिरवा.

पौषातल्या पहाटे तंबूबाहेर त्या ताज्या भुशाचा चामड्यासारखा वास भरलेला असे. माझा जोडीदार तिथल्या कोरकू आदिवासींपैकी होता. दिवसभरात आमचं बोलणं दहा शब्दांचं, बाकी सगळं करवतीच्या लयीत. त्याच्या बाजूची मूठ झिजून गुळगुळीत झाली आहे. ती मी बदललेली नाही.