आधी परतीचं तिकीट

माझी आई शेजारच्या काकूंना सांगते, "तो गोव्याला इव्हेंटच्या कामात असतो." तसं खोटं नाही. मी पोकर खेळतो आणि गेली काही वर्षं घर त्यावरच चालतं. आजी मात्र असेपर्यंत तोंडावर "जुगारी" म्हणायची, आणि दिवेलागण झाली की मलाच मेंढीकोटला भिडू म्हणून बसवायची.

इंदूरला आमच्या लोकमान्य नगरातली दोन-तीन मुलं दर दिवाळीत तीन पत्तीचा डाव उठला की मला बाजूला घेतात. "दादा, आम्हालाही टूर्नामेंटला यायचंय." त्यांना दरवेळी तेच ते सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून काढतो.

आधी माझी वही बघा. आजवर ९४ लाइव्ह, म्हणजे समोरासमोर टेबलावरच्या, टूर्नामेंट खेळलो. पैसे मिळाले १७ मध्ये. उरलेल्या ७७ मधून रिकाम्या हाताने उठलो. त्या सतरातही बारा वेळा मिळालं ते बाय-इन, म्हणजे स्पर्धेत बसायला भरलेली रक्कम, आणि गाडीभाडं सुटेल एवढंच. धंदा उभा आहे तो पाच निकालांवर, खरं सांगायचं तर दोनच. मी फार वाईट खेळतो असं नाही. रचनाच तशी असते. शंभर जण बसले तर साधारण दहा-पंधरा जणांना बक्षीस, आणि त्यातलाही मोठा घास वरचे तिघं घेऊन जातात. बाय-इनमधून आयोजकांची फी आधीच कापलेली असते, तेव्हा पत्ते वाटायच्या आधीच आपण थोडे मागे असतो.

दुसरी गोष्ट, तुमचा रस्ता माझ्यापेक्षा अवघड आहे. मी शिकलो घरी, माळ्यावरच्या खोलीत, लॅपटॉपवर. चार टेबलं एकदम उघडून दिवसाला हजार डाव सहज व्हायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा फरकच त्यात ठेवला नाही. पोकर गेलं, रमीही गेली. लाइव्ह टेबलावर डीलर हाताने पत्ते पिसतो, माणसं विचार करतात, चहा मागवतात. तासाला पंचवीस-तीस डाव होतात. माझ्या एका दिवसाच्या सरावासाठी तुम्हाला चार दिवस बसावं लागेल, तेही गोव्यात, हॉटेलचं भाडं भरून. आणि बडोद्याच्या मावसभावाकडे किंवा कुणाच्या फार्महाऊसवर खेळू, असं डोक्यात असेल तर काढून टाका. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्येच पोकरला जुगार ठरवलंय, आणि फार्महाऊसच्या डावात पोलीस आले तर तुमची बाजू घ्यायला कुणी थांबत नाही.

इंदूरहून मी संध्याकाळची अवंतिका एक्सप्रेस पकडतो. सकाळी मुंबई सेंट्रल, दिवसभर दादरला मावशीकडे झोप, रात्रीची कोकणकन्या आणि दुसऱ्या दिवशी गोव्यातलं करमळी स्टेशन. विमानाने लवकर होतं, पण मला ही मधली झोप हवी असते. पहिल्या दिवसाचा खेळ दुपारी सुरू होतो तो मध्यरात्रीपर्यंत चालतो. प्रवासातून थेट टेबलावर बसलेला माणूस आठव्या तासाला कसे पैसे टाकतो, ते मी समोरून बघितलंय. पैसे मीच घेतले होते. मोठ्या स्पर्धेत पहिला दिवस दोन-तीनदा होतो, वन-ए, वन-बी असा. नवख्यानं वन-ए घ्यावा असं सगळे सांगतात, कारण आउट झालो तर वन-बीला पुन्हा पैसे भरून परत घुसता येतं. नेमकं म्हणूनच मी घेऊ नका म्हणतो. दुसरी बुलेट, म्हणजे दुसऱ्या बाय-इनचे पैसे, खिशात नसेल तर ती मारायची सोयच नको.

स्वेटर न्या. बाहेर गोव्याचा घाम आणि आत एसी असा की बोटं आखडतात. खायला आपला चिवडा, शेव असू द्या. ब्रेक दहा-पंधरा मिनिटांचा असतो आणि त्यातली अर्धी बाथरूमच्या रांगेत जातात.

टेबलावरच्या चुका मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण ऑनलाइन बटण दाबणाऱ्याला त्या माहीतच नसतात. माझी पहिली मोठी स्पर्धा. हातात राण्यांची जोडी. माझ्या आधीच्या सफारीतल्या काकांनी ६०० लावले. मला २,००० करायचे होते. सुटे चिप्स मोजत बसलो तर नवखा दिसेन म्हणून मी तोऱ्यात ५,००० ची एक चिप पुढे सरकवली आणि गप्प बसलो. डीलर म्हणाला, "कॉल," म्हणजे काकांच्या ६०० ची नुसती बरोबरी. मी म्हटलं, रेज आहे, वाढवलंय. नियमांचा निवाडा करणाऱ्या फ्लोअरवाल्याला बोलावलं. त्यानं शांतपणे सांगितलं की तोंडाने न बोलता एकच मोठी चिप टाकली तर ती कॉलच धरतात. मागचा एक जण स्वस्तात आत आला, फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडतात त्या पहिल्या तीन पत्त्यांत, बादशहा पडला आणि माझ्या राण्या गेल्या. तेव्हापासून आधी तोंडाने आकडा आणि मग हात. चिप्स दोन हप्त्यांत पुढे सरकवणंही तसंच, पहिला हप्ताच मोजतात. आणि आपल्या पत्त्यांवर काहीतरी वजन ठेवा. एकदा डीलरनं माझे पत्ते टाकलेले समजून ओढून घेतले, आणि एकदा ढिगात गेले की गेले. आता मी आजोबांच्या देव्हाऱ्यातलं होळकरांच्या वेळचं तांब्याचं नाणं ठेवतो. आजीला कळलं असतं तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं.

आता पैसा. इथे मुलं कंटाळतात, पण मी सगळ्यात जास्त मार इथेच खाल्लाय. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर, आणि तो आयोजक तिथेच कापतो. प्रवास, हॉटेल, हरलेल्या स्पर्धांचे बाय-इन, त्यातलं काही वजा होत नाही. त्या ७७ पैकी एकही नाही. शिवाय आपल्यातले बहुतेक जण स्वतःच्या पूर्ण पैशांनी खेळत नाहीत, हिस्सा विकतात: दुसरा बाय-इनचा काही भाग भरतो आणि बक्षिसात तेवढा वाटा घेतो. मी एकदा एका ओळखीच्याला ४० टक्के हिस्सा दिला, तोंडी, पोह्यांच्या ठेल्यावर उभ्या उभ्या. मी ६ लाख जिंकलो. कर गेला १ लाख ८० हजार, हातात आले ४ लाख २०. तो म्हणाला, माझे ६ लाखांचे ४० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. मी म्हणत होतो १ लाख ६८. कर माझ्या पॅनवर कापलेला, त्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. शेवटी मी दिले. ७२ हजारांत तेवढंच शिकलो की हिस्सा करानंतरचा की आधीचा, हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्यायचं. माणूस अजून भेटतो, पोहे वेगवेगळे खातो.

टूर्नामेंटचे किमान शंभर बाय-इन बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. मी चाळीसवर सोडली होती. त्या वर्षी बाबांच्या पेन्शनवर जेवलो.

लास व्हेगासचं विचारतातच, म्हणून थोडक्यात. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर तिथे उन्हाळ्यात असते. मेन इव्हेंटचा बाय-इन १०,००० डॉलर आहे, पण त्याच काळात त्याच्या दहाव्या-विसाव्या हिश्शात खेळता येईल अशा बऱ्याच स्पर्धा असतात. २०१८ मध्ये निकिता लूथरनं तिथे १,००० डॉलरच्या टॅग टीम स्पर्धेत जोडीदारासोबत ब्रेसलेट, म्हणजे तिथलं विजेत्याचं कडं, जिंकलं, ते वाचून मी व्हिसाच्या मागे लागलो. एकदा जाऊन आलो. आपल्यासारख्यांच्या बक्षिसातून तिथेही ३० टक्के कापून घेतात. घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, त्यामुळे मी हरून खोलीवर यायचो तेव्हा आई दुपारच्या जेवणाची भांडी आवरत असायची. परत जाईन, पण गोव्याच्या वहीत शिल्लक दिसल्यावर.

राहिली आउट झाल्यानंतरची संध्याकाळ. नव्या माणसाला कुणी हीच शिकवत नाही. मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवरच्या माझ्या पहिल्या स्पर्धेत मी दुपारी चार वाजता आउट झालो. चार रात्रींचं हॉटेल भरलेलं, मंगळवारचं तिकीट, आणि तो दिवस शुक्रवार. खुर्चीवरून उठलो तर शेजारच्यानं मान वर करून पाहिलंही नाही, माझ्या जागी लगेच दुसरा माणूस आणून बसवला. मी दहा पावलांवर असलेल्या कॅश टेबलावर, जिथे चिप्स म्हणजे थेट खरे पैसे, जाऊन बसलो. काहीतरी परत घेऊन जायचं होतं. पहाटे तीनला लहान बोटीतून धक्क्यावर उतरलो तेव्हा पुढच्या तीन फेऱ्यांचे पैसे गेले होते. धक्क्यावरचा चहावाला माझ्याकडे न बघताच म्हणाला, "साहेब, साखर जास्त टाकू?" रोज तसेच चेहरे बघत असणार तो.

आता माझा नियम ठरलेला आहे. आउट झालो की पहिल्या बोटीनं खाली उतरायचं. वहीत तीन ओळी लिहायच्या: कोणत्या डावात गेलो, पुन्हा तसंच खेळेन का, किती झोप झाली होती. मग मिरामारपर्यंत चालत जायचं आणि पोटभर मासे खायचे. बोटीकडे परत फिरायचं नाही. आणि निघतानाच परतीची दोन तिकिटं काढायची, एक पहिल्या दिवसानंतरचं, एक फायनलनंतरचं. रद्द करायचे थोडे पैसे जातात, पण त्या कॅश टेबलापेक्षा स्वस्त पडतं. तिकिटं बाबा काढतात, त्यांच्याच खात्यावरून. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, या धंद्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मागच्या फेरीत साडेचारला उठलो. धक्क्यावर येऊन फोन लावला.

"बोल. उद्याचं ठेवू की मंगळवारचं?"

"मंगळवारचं रद्द करा, बाबा."

"बरं. दादरला मावशीला कळवतो. जेवलास का?"