सेकंडहँड गाडी आणि तिची दुसरी किल्ली

परदेशात आल्यावर पहिली गाडी बहुतेक जण सेकंडहँड घेतात आणि बऱ्याचदा तिच्यासोबत एकच किल्ली हातात पडते. "दुसरी घरात कुठेतरी आहे, सापडली की देतो," असं विकणारा सांगतो. ती येणार नाही असंच धरून चाला. सौद्याच्या आधी एखाद्या डीलरला आणि एखाद्या गाड्यांच्या चावीवाल्याला फोन करा, मॉडेल आणि साल सांगून नवीन किल्लीचा दर विचारा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. पैसे दिल्यावर हे बोलणं निघत नाही.

किल्ली इतकी महाग का? पातं कापणं हा सगळ्यात स्वस्त भाग. खरा खर्च आतल्या चिपचा आणि ती गाडीला ओळखायला लावण्याचा. ही चिप तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी असते आणि तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं. साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरींवर ते चिपला वीज पुरवतं आणि तिचा कोड विचारतं. उत्तर पटलं तरच गाडीचा कॉम्प्युटर इंजिन चालू राहू देतो. हाच इमोबिलायझर. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून, ऑस्ट्रेलियात जुलै २००१ पासून आणि कॅनडात सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा आहे. अमेरिकेत अशी केंद्रीय सक्ती नाही, त्यामुळे तिथे ह्युंदाई आणि कियाची कित्येक मॉडेल्स त्याच्याशिवाय विकली गेली आणि चोरांचं फावलं. तेव्हा किल्लीच्या खर्चावर चरफडताना हेही लक्षात असू द्या.

आता मुख्य मुद्दा. एक किल्ली चालू असताना दुसरी करणं आणि सगळ्या हरवल्यावर नवीन करणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक हातात असली की तिच्यावरून पातं कापता येतं, काही चिप्सची हुबेहूब नक्कल करता येते किंवा गाडीला यंत्र जोडून नवीन किल्ली तिच्या कॉम्प्युटरच्या यादीत घालता येते. काम बऱ्याचदा तासाभरात आटोपतं. एकही नसेल तर पात्याचा नंबर शोधा, सिक्युरिटी कोड मिळवा, जुन्या किल्ल्या पुसून नव्याने नोंदवा; काही गाड्यांत तर इमोबिलायझरचा डबाच काढून टेबलावर उघडावा लागतो. डीलरकडे जायचं तर गाडी उचलून नेण्याचा खर्च वेगळा. चावीवाला गाडीपाशी येतो, हा त्याचा मोठा फायदा. म्हणून दुसरी किल्ली करायची ती पहिली चालू असतानाच, गाडी घेतल्याच्या पहिल्या महिन्यात.

त्याच वेळी कॉम्प्युटरमध्ये किती किल्ल्या नोंदवलेल्या आहेत ते विचारा. बऱ्याच गाड्यांत यंत्रावर आकडा दिसतो. तुमच्याकडे एक आणि यादीत तीन असतील, तर उरलेल्या दोन पुसून घ्या. मात्र पुसलेल्या किल्लीचं पातं दाराचं कुलूप अजूनही उघडू शकतं, फक्त इंजिन चालू होत नाही. गाडीत लॅपटॉप ठेवताना हे आठवा.

ऑनलाइन स्वस्त किल्ली मागवणारे तीन ठिकाणी फसतात. पहिलं, रिमोटची फ्रीक्वेन्सी: उत्तर अमेरिकेत बहुधा ३१५ मेगाहर्ट्झ, युरोपात ४३३.९२. दिसायला तीच किल्ली, पण दार उघडत नाही. दुसरं, वापरलेली स्मार्ट की, म्हणजे पुश-बटणाने चालू होणाऱ्या गाडीची किल्ली: पुष्कळ कंपन्यांच्या किल्ल्या एकदा एका गाडीला जोडल्या की कायमच्या बंदिस्त होतात. तिसरं सगळ्यात गमतीदार. कवच तुटलं म्हणून नुसतं नवीन कवच मागवतात, त्यात सर्किट आणि सेल बसवतात, बटण दाबल्यावर दार उघडतं, आणि गाडी काही चालू होत नाही. कारण चिप जुन्या कवचाच्या कोपऱ्यातल्या खाचेत चिकटून राहिलेली असते आणि ते कवच कचऱ्यात गेलेलं असतं. कवच बदलाल तेव्हा जुन्याचा कानाकोपरा नखाने चाचपून बघा.

घरी स्वतः प्रोग्रॅम करण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. अमेरिकेत विकलेल्या बऱ्याच जुन्या फोर्ड गाड्यांत ते खरंच जमतं: पहिली किल्ली ऑन करून काही सेकंदांत बंद, लगेच दुसरी तशीच, लगेच नवीन. पण त्याला आधीच्या दोन चालू किल्ल्या लागतात, आणि ज्याला गरज आहे त्याच्याकडे नेमकी एकच असते. नवीन किल्लीत योग्य जातीची चिप हवी हेही आलंच. दुसऱ्या कंपन्यांत रीत वेगळी किंवा मुळीच नाही. काम कोणीही करो, गाडीची बॅटरी अशक्त असेल तर आधी चार्जर लावायला सांगा. मध्येच व्होल्टेज पडलं तर गाडीचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बिघडू शकतं.

कागदपत्रांवर नवीन माणूस हमखास अडतो. किल्लीचा कोड देण्याआधी गाडीची नोंदणी आणि फोटो असलेलं ओळखपत्र मागतात, आणि दोन्हींवरचं नाव जुळायला लागतं. एकीकडे मधलं नाव आहे, दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही परत पाठवतात. नोंदणी तुमच्या नावावर व्हायची असेल तर ती आधी उरका. गाडीसोबत किल्लीच्या नंबराचा धातूचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा टॅग अथवा कोडचं कार्ड आलं असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि तो टॅग किंवा कार्ड गाडीत ठेवू नका. जुन्या फिआटची लाल मास्टर किल्ली तर तिजोरीत ठेवण्याची वस्तू आहे. ती गेली तर नवीन किल्ली जोडायची सोपी वाटच बंद होते.

रिमोटवाली किल्ली मेली असं ठरवण्याआधी तिचा सेल बदला. बहुधा सीआर२०३२ असतो, पण आतल्या जुन्या सेलवरचा नंबर वाचूनच घ्या. तोवर पुश-बटणाच्या गाडीत फोब (म्हणजे तिची स्मार्ट की) थेट बटणाला टेकवून ब्रेक दाबा. काही मॉडेल्सना वेगळी खाच असते, ती मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. फोबच्या पोटात दाराचं लहानसं पातंही दडलेलं असतं. आणि दोन चिपवाल्या किल्ल्या एकाच रिंगमध्ये अडकवू नका: दोन्ही एकदम उत्तर देतात, वेटोळ्याला काही कळत नाही आणि गाडी मधूनच चालू व्हायला नकार देते.

विम्यात किल्लीचं संरक्षण पुष्कळदा वेगळं घ्यावं लागतं. घेण्याआधी दाव्यातला स्वतःचा हिस्सा बघा. तो किल्लीच्या खर्चाइतकाच असेल तर हप्ता फुकट जातो. भाड्याच्या गाडीची किल्ली हरवली तर अपघाताच्या कव्हरमध्ये ती बहुधा बसत नाही. दोन्ही किल्ल्या तारेने एकत्र जोडून देतात, तेव्हा हरवल्या तर दोन्ही एकदमच हरवतात. बिल त्या हिशेबानेच येतं.