कॉम्प्युटर स्पीकर घ्यावेत की ॲम्प्लिफायर आणि स्पीकर वेगवेगळे?

दुकानात जाण्याआधी घरी मोजपट्टी काढा. जिथं बसून ऐकणार तिथून स्पीकर ठेवायच्या जागेपर्यंतचं अंतर मोजा. वॅट, ब्लूटूथ, रंगीत दिवे हे सगळं नंतर. टेबलाशी खुर्चीवर बसून ऐकत असाल तर अंतर दोन-अडीच फूट भरतं. तिथं चांगले कॉम्प्युटर स्पीकर पुरतात, त्यांच्या पेटीतच ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाजाला ताकद देणारा बोर्ड, असतो. सोप्यात सतरंजीवर चार जण बसून ऐकणार आणि अंतर आठ-दहा फूट, तर ॲम्प्लिफायर वेगळा आणि स्पीकर वेगळे घ्या.

मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. खोलीत भिंतींमुळे थोडा कमी उतरतो, पण उतरतोच. ते ६ डेसिबल भरून काढायला चौपट ताकद लागते. टेबलावर गोड वाटलेला तीन इंची स्पीकर सोप्यात नेल्यावर चिरकतो तो यामुळे.

टेबलासाठी घेताना खोक्यावरचा ‘पीएमपीओ’ आकडा वाचूच नका, त्याला काही अर्थ नसतो. अडॅप्टर उलटा करून बघा. १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलं असेल तर आत २४ वॅट जातात. बाहेर सलग त्याहून जास्त कुठून येणार? यूएसबीवर चालणाऱ्या जोडीचं तर विचारूच नका. यूएसबी २.० च्या पोर्टातून ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॅट मिळतात, तेही दोन्ही स्पीकर मिळून.

स्वस्त २.१ संचापासून, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि खालच्या सुरांची वेगळी पेटी (सबवूफर) यापासून, जरा लांबच राहा. दोन काडेपेटीएवढे स्पीकर खालचे सूर काढू शकत नाहीत, म्हणून सबवूफरला दीडशे-दोनशे हर्ट्झपर्यंतचं काम दिलेलं असतं. पुरुषी आवाजाचा तळ नेमका त्याच पट्ट्यात येतो. मग भजन लावलं की बुवांचं तोंड टेबलावर आणि छाती टेबलाखाली! गणपतीतल्या डॉल्बीची हौस घरात भागवायची असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर सबवूफर नसलेली, चार इंची वूफरची (खालचे सूर काढणारं मोठं तोंड), लाकडी पेटीची जोडी घ्या.

वेगळा संच घ्यायचं ठरलं तर निम्मे पैसे स्पीकरसाठी ठेवा, उरलेल्यात ॲम्प्लिफायर, डॅक (लॅपटॉपच्या डिजिटल आवाजाचा ॲम्प्लिफायरला चालेल असा सिग्नल करणारी डबी) आणि वायर बसवा. स्पीकरच्या मागे दोन आकडे बघायचे. पहिला ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो: ॲम्प्लिफायरवर किमान ८ ओहम लिहिलं असताना ४ ओहमचे स्पीकर जोडले तर तो तापतो आणि मोठ्या आवाजात मध्येच बंद पडतो. दुसरा संवेदनशीलता. ८६ डेसिबल लिहिलेला स्पीकर १ वॅटवर १ मीटरवरून ८६ डेसिबल देतो, १० वॅटवर ९६. घरच्या सोप्यासाठी २५ ते ५० आरएमएस वॅट (म्हणजे सलग मिळणारी खरी ताकद) भरपूर झाले.

स्पीकरसाठी महागडी वायर लागत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची तांब्याची वायर पाच मीटरपर्यंत निवांत चालते. जोडताना मात्र तांबडा तांबड्याला आणि काळा काळ्यालाच गेला पाहिजे. एका बाजूला उलटं झालं की काही जळत नाही, पण बास गायब होतो आणि गाणारा मध्ये न राहता खोलीभर विरघळतो. खुणा पुसल्या असतील तर स्पीकर ॲम्प्लिफायरपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल त्याच्या टोकांना क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा बाहेर आला की सेलची अधिक बाजू ज्या टोकाला लागली ते तांबडं.

वेगळ्या संचाचा खरा फायदा दुरुस्तीत. एकच पेटी असेल तर आतला बोर्ड गेला की सगळं मुकं. वेगळे असतील तर ॲम्प्लिफायर तेवढा दुरुस्तीला द्यायचा, स्पीकर जागेवर.

जुनं घेणार असाल तर वूफरच्या कडेला बोटानं हलकेच दाबा. रबराची कड चालेल. फोमची कड आपल्या पावसाळी हवेत, विशेषतः बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात, वर्षांनुवर्षं ओल खाऊन भुसभुशीत होते. बोटाला भुगा लागला तर सोडून द्या. परदेशातून आलेला ॲम्प्लिफायर ११० व्होल्टचा नाही ना, हेही मागचं लेबल वाचून बघा. तसा थेट आपल्या २३० व्होल्टला लावला तर पहिल्याच दिवशी धूर.

आता खोली. दहा बाय दहाची, वर स्लॅबही दहा फुटांवर, अशी खोली सगळ्यात त्रासाची. तिन्ही मापं सारखी असल्यानं तिन्ही दिशांना ५६ हर्ट्झच्या आसपासचा एकच सूर घुमतो. भिंतीला पाठ टेकून बसलात तर तबल्याचा डग्गा ढब्ब वाजतो, खोलीच्या मधोमध बसलात तर तोच फुसका. भिंतीपासून तीनेक फूट पुढं सरका. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, मागच्या भिंतीपासून फूटभर आणि बाजूच्या भिंतीपासून दोन फूट, म्हणजे दोन्ही अंतरं सारखी राहत नाहीत. कौलारू घरात हा घुमारा बराच कमी असतो. शहाबादी फरशीवर मात्र वरचे सूर टणटणतात. तिथं सतरंजी आणि बाजूच्या भिंतीवर एखादी जाड वाकळ टांगली की फरक लगेच कळतो. वाकळ नेमकी कुठं? तुम्ही बसा, दुसऱ्यानं भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. आरशात स्पीकर दिसला ती जागा.

खाली बसून ऐकत असाल तर स्पीकरचं वरचं छोटं तोंड, म्हणजे ट्विटर, जमिनीपासून सव्वादोन-अडीच फुटांवर हवं. पारखायला बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन लावा. आवाज चढला तरी खाली तानपुरा सलग ऐकू आला पाहिजे.

जोडणी झाली आणि घूंऽऽ असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं थांबली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावा. तरी राहिली तर डॅकला ऑप्टिकल केबलनं जोडा, तिच्यातून वीज जातच नाही. थ्री-पिनची मधली जाड पिन कापून घूं बंद करणारे मिस्त्री भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका. ॲम्प्लिफायरच्या पत्र्यात करंट उतरला तर तो वाहून न्यायला तेवढीच एक पिन असते. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच भणभण ऐकू येत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे. साइन वेव्हचा लावा.