दुसरी उशी आणि २२ किलोपास्कल

फायब्रोस्कॅनचा, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या मशीनचा, प्रोब हातात आल्यावर दोन आठवड्यांत मला वाटू लागलं, जमलं आपल्याला. तीन तास उपाशी पोट, उजवा हात डोक्यामागे, दोन बरगड्यांच्या फटीत प्रोब काटकोनात, दहा वैध रीडिंग, त्यांचा आयक्यूआर (रीडिंगमधला फरक) मीडियनच्या (मधल्या आकड्याच्या) ३० टक्क्यांच्या आत. हे तुम्हालाही पाठ असेलच. पोटात पाणी असेल तर नाद सोडा. इथवर कुणी फारसं अडकत नाही.

माझा पेशंट आडवा होताना म्हणाला, "डॉक्टर, अजून एक उशी मिळेल का?" मी म्हटलं, "काका, दोन मिनिटं कळ काढा." रीडिंग देखणी आली. मीडियन २२ किलोपास्कल (कडकपणाचं एकक), आयक्यूआर १२ टक्के. सिरोसिस, म्हणजे व्रणांनी कडक झालेलं यकृत, असं लिहून मोकळा झालो.

आमच्या सिनियर मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि काकांची मान पाहिली. शीर टम्म फुगलेली. पायावर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला. हृदय थकलं होतं, आडवं होताना दम लागायचा म्हणून ती उशी हवी होती. लघवीच्या गोळ्यांनी सूज उतरली आणि काही आठवड्यांनी तेच यकृत ९ वर आलं.

मशीन यकृतातला व्रण मोजत नाही हो! ते ५० हर्ट्झचा हलका धक्का देतं आणि त्यातून उठलेली लाट (शिअर वेव्ह) यकृतातून किती वेगाने जाते ते बघतं. यकृत जितकं कडक, तितकी ती जोरात पळते. आता हा कडकपणा व्रणाचा असेल, नाहीतर तुंबलेल्या रक्ताचा, भडकलेल्या हिपॅटायटिसचा, अडलेल्या पित्ताचा, अगदी नुकत्याच झालेल्या जेवणाचाही. आयक्यूआर कमी म्हणजे दहाही वेळा जवळपास तेच उत्तर आलं, एवढंच. माझं उत्तर दहाही वेळा चुकीच्या प्रश्नाचं होतं.

आकड्यावरून व्रणाची पायरी सांगणारे भिंतीवरचे एफ-झिरो ते एफ-फोरचे रंगीत तक्ते माझ्या मते काढून टाकावेत. आजारागणिक कटऑफ बदलतात. ढोबळ मानाने, इतर खुणा नसताना १० च्या खाली आकडा म्हणजे पुढे गेलेला आजार बहुधा नाही, १५ च्या वर दाट शंका. मधल्यांसाठी पेशंटजवळ बसावं लागतं. फिब-फोर हा रक्ततपासणीवरचा स्कोअर आधी काढा, वय, एएसटी, एएलटी (यकृताची एन्झाइम्स) आणि प्लेटलेट एवढ्यावर भागतं. एमआर इलास्टोग्राफी, म्हणजे एमआरआयवरची कडकपणाची मोजणी, यकृताचा बराच मोठा भाग बघते, पण लोह साठलं असेल तर तीही दगा देते.

घाबरू नका, हात बसतो. मी आता जेल लावण्याआधी मान आणि पाय बघतो, एएलटी विचारतो. काकांचा तो पहिला रिपोर्ट फाइलमध्ये अजून आहे, माझ्या सहीसकट.