पहिलं घर लावताय? आधी टेप आणा, मग पलंग

दरवर्षी मे-जून आला की माझ्या फोनवर एकाच छापाचे फोटो येतात. कुणाचा तरी पहिला फ्लॅट: नऱ्हे, धायरी, वाकड, कधी पार बदलापूर. वन बीएचके, कागदावर चारशे स्क्वेअर फूट कार्पेट. फोटोत खोक्यांचा ढीग आणि खाली प्रश्न, "आत्या, सगळं सामान आलं. आता बसवायचं कसं?"

सगळं येऊन पडल्यावर विचारतात, हेच माझं दुखणं. नात्यातली आणि ऑफिसातली मिळून पंधराएक घरं मी लावून दिली असतील. त्यातल्या निम्म्या घरांत माझं काम लावायचं कमी आणि परत पाठवायचं जास्त होतं.

गादीचं माप म्हणजे पलंगाचं माप नव्हे

माझ्या भाच्याचं लग्न ठरलं. धायरीत फ्लॅट घेतला, बेडरूम दहा बाय नऊ. दिवाळीच्या सेलमध्ये पट्ठ्याने सहा बाय साडेसहाचा पलंग उचलला, खाली पेटी, वर फुगीर गादीदार पाठ. फोनवर मला हिशेब सांगितला, "खोली दहा फूट, पलंग साडेसहा. साडेतीन फूट उरतात की! कपाट आरामात बसतंय."

मी टेप घेऊन गेले तोवर पलंग जोडून झाला होता. दहा फुटांची खोली प्लास्टर-स्कर्टिंग धरून आतून भरली ११७ इंच. साडेसहा फूट, म्हणजे ७८ इंच, हे गादीचं माप. डोक्याकडची फुगीर पाठ आणि पायथ्याची फळी धरून पलंग भरला ८४. उरले ३३ इंच. लोखंडी कपाटाची खोली १९. राहिले १४. आणि कपाटाचं एकेक दार १८ इंचांचं.

म्हणजे कपाट बसलं, पण उघडेना. दार अर्धवट उघडून पलंगाच्या कडेवर आपटायचं. नवी सून पलंगावर गुडघे टेकून त्या फटीतून हात आत घालायची आणि जे हाताला लागेल ते ओढायची. संक्रांतीच्या पहिल्या हळदीकुंकवाला ती साधी कॉटनची साडी नेसून बसली होती. बायका मनात काय म्हणाल्या असतील ते म्हणाल्या असतील. काळी चंद्रकळा मागच्या खणात होती आणि तिथवर हात पोचत नव्हता.

पलंग हलवता येईना, कारण आडवा लावला तर बाल्कनीचं दार अडायचं. शेवटी कपाट हॉलमध्ये आलं, टीव्हीच्या शेजारी. दीड वर्ष आल्या-गेल्यासमोर कपाटातून कपडे काढले त्यांनी. मग तो पलंग पाव किमतीत गेला आणि कोपऱ्यावरच्या सुताराकडून बिनपाठीचा दिवाण करून घेतला, पाच बाय सव्वासहा. आता कपाटासमोर २३ इंच आहेत. दार उघडतं, माणूसही उभा राहतो.

माझी सवय सांगते. काही घ्यायच्या आधी जमिनीवर खडूने त्याचा चौकोन आखायचा. दुकानात टेप लावून बाहेरचं पूर्ण माप घ्यायचं, जाहिरातीतलं नाही. मग कपाटाची दारं जिथवर उघडणार ती रेघ आखायची, खोलीचं दार जिथवर फिरणार ती कमानही. आणि दोन दिवस त्या रेघांवर पाय न देता घरात वावरायचं. बाथरूमला जाताना रात्री रेघ तुडवलीत, तर नडगी तिथेच आपटणार आहे हे पक्कं. हे सांगितलं की मुलं हसतात. "आत्या, आता त्याचं ॲप असतं." असेल. ॲपला नडगी नसते.

आणि एक, खोलीबरोबर जिन्याचं वळणही मोजा. साडेसहा फुटी कपाट छोट्या लिफ्टमध्ये जात नाही. चौथ्या मजल्यावर जिन्याने न्यायचं कळलं की खाली छोटा हत्तीजवळ उभे असलेले हमाल भाव बदलतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

बाहेरच्या भिंतीला कपाट

ही माझी स्वतःची चूक, म्हणून हिच्यावर माझा जास्त राग.

आमचं पहिलं घर वरच्या मजल्यावर होतं, कोपऱ्याचं. दोन बाजूंनी उजेड, म्हणून आम्ही खूश. दोन बाजूंनी पाऊसही झोडपणार, हे ऑक्टोबरात घर बघताना कुणाच्या लक्षात येतं? एका मोठ्या दुकानातून तयार वॉर्डरोब आणला, भुश्याच्या बोर्डाचा, वर लाकडासारखा कागद. दिसायला देखणा. पश्चिमेच्या भिंतीला अगदी चिकटवून लावला, मध्ये फट दिसायला नको म्हणून.

जुलैच्या मध्यावर खोलीत ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. मी डांबराच्या गोळ्या टाकल्या. आठवड्याने खालचा ड्रॉवर निघेना. ओढून काढला तर तळाची फळी चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगलेली, बोट लावलं की भुसा. पाठीचा पातळ बोर्ड पोट काढून आत आलेला. आणि त्याला टेकून ठेवलेल्या माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीवर करड्या-हिरव्या बुरशीचा नकाशा. ड्रायक्लीनवाल्याने शालू हातात घेतला, उजेडात धरला आणि काही न बोलता परत दिला.

त्यात फसवणूक कुणी केली नव्हती. भुश्याचा बोर्ड पाणी पितो आणि एकदा फुगला की परत बसत नाही, हा त्याचा धर्म. ओल भिंतीतून येत होती आणि हवा खेळायला आम्ही जागाच ठेवली नव्हती.

तेव्हापासून माझा नियम: कपाट आतल्या भिंतीला, म्हणजे दोन खोल्यांमधल्या. दुसरी सोयच नसेल तर भिंतीपासून तीन इंच पुढे आणि खाली चार विटा. पैसे कमी असतील तर जुनं लोखंडी कपाट घ्या, रंग मारा, वीस वर्षं बघायला नको. सुताराकडून करून घेणार असाल तर प्लायवर शिक्का बघा: आयएस ७१० म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन, आयएस ३०३ हा साधारणपणे कोरड्या जागेचा. नुसतं "वॉटरप्रूफ आहे मॅडम" हा शिक्का नव्हे. आणि शक्य असेल तर पहिला पावसाळा नुसता बघा. कुठे रंगाला फोड येतात, कुठे पोपडे सुटतात, ते घर स्वतःच दाखवतं. पण एवढा धीर कुणाला असतो? गृहप्रवेशाच्या फोटोत घर भरलेलं दिसायला हवं असतं.

आवरण्यासाठी आणखी सामान

पसारा झाला की नवी पिढी पहिल्यांदा डबे मागवते. पारदर्शक, एकसारखे, झाकणावर लेबल. सहकारी मुलीने असे चोवीस मागवले. तिच्या ओट्याखाली कडप्प्याचे खण होते. डबा खणापेक्षा बोटभर उंच. चोवीस डबे वर माळ्यावर गेले आणि डाळ-तांदूळ पिशव्यांत, चिमटा लावून, जिथल्या तिथे.

आधी महिनाभर पिशव्यांतच राहू द्या. दोन माणसांच्या घरात महिन्याला तांदूळ किती लागतो, पोहे किती, हे तोवर कळतं. मग तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत जाऊन तेवढ्याच मापाचे चार-पाच स्टीलचे घ्या, खणाची उंची लिहिलेला कागद खिशात ठेवून. त्याआधी आईला फोन करा. तिच्या माळ्यावर निम्मे डबे रिकामे आहेत, पैज लावते.

माळ्याबद्दलही एक. वर्षात एकदाच लागणारं तेवढं वर जावं: गणपतीचं मखर, प्रवासाच्या बॅगा, पाहुण्यांच्या गाद्या. "नंतर बघू" म्हणून जे वर जातं ते घर बदलतानाच खाली येतं.

बाकीचं थोडक्यात

भाड्याच्या घरात मालकाला न विचारता भिंतीला ड्रिल लावू नका. अकरा महिन्यांनी डिपॉझिट परत घेताना तीच भोकं मोजली जातात. भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र विटांची असेल तर स्क्रूची साधी गिट्टी काही दिवसांनी सैल होतेच. तिच्यावर फोटो टांगा, पुस्तकांची फळी नको.

वॉशिंग मशीन घ्यायच्या आधी ड्राय बाल्कनीचं दार मोजा, नळ कुठे आहे ते बघा. वरून उघडणारं असेल तर झाकण उभं राहायला वर जागा लागते, तिथेच लोक फळी ठोकतात.

ओव्हन, गिझर यांना १६ अँपिअरचा पॉइंट. एक्स्टेंशन बोर्डवर एकदम दोन लावून "चालतंय की" म्हणणाऱ्यांच्या घरी मी जळक्या प्लास्टिकचा वास घेतलाय.

तयार पडदे खिडकीला पाच फुटी आणि दाराला सात फुटी मिळतात. तुमची खिडकी यांच्यामधली असणार. मोठा घ्या आणि खालून दुमडून शिवा.

सिलिंडर उभाच, शेगडीच्या पातळीखाली, आणि नळीवरची तारीख वाचून.

बिनव्याजी हप्त्यांवर सोफा घेऊ नका. पहिल्या वर्षी तुमच्याकडे येणार कोण? मित्र, आणि ते सतरंजीवर बसतात. आई-वडील आले तर त्यांना पाठ टेकता येईल अशा दोन खुर्च्या पुरतात. पैसे घालवायचेच तर गादीवर आणि पंख्यावर घाला.

जुनं सामान मी आनंदाने घेते. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, महिनाअखेरीला खोल्या सोडणारी आयटीतली मुलंही टेबल-खुर्च्या फुंकून टाकतात. पण लाकडी पलंग जुना घेताना मोबाइलचा टॉर्च लावून सांधे, स्क्रूची भोकं आणि फळ्यांच्या खालची बाजू बघा. काळे बारीक ठिपके दिसले की विकणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा. आमच्या शेजारच्या पोरांनी फुकट मिळतोय म्हणून असा एक पलंग वर आणला. पुढे तीन महिने दोन्ही घरांत ढेकूण होते, पेस्ट कंट्रोल दोनदा करावं लागलं आणि दुसऱ्या वेळचे निम्मे पैसे आम्ही दिले. पलंग अजून आमच्या पार्किंगमध्ये उभा आहे, भंगारवालाही नेत नाही.