जुनी वॉन्डरलॉज घेण्यापूर्वी: अक्षरे, चॅसिस आणि इंजिन कसे वाचावे

अमेरिकेत जुनी आलिशान मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, शोधू लागलेल्या माणसाची नजर कधी ना कधी ब्लू बर्ड कंपनीच्या वॉन्डरलॉजवर जाऊन थांबते. विकणारा गाडी दाखवू लागतो तो आतून: लाकडी कपाटे, चामड्याचा सोफा, स्वयंपाकघर. घेणाऱ्याने मात्र उलट्या टोकाने सुरुवात करावी. आधी मॉडेलची अक्षरे वाचावीत, मग चॅसिस पाहावी, मग इंजिन, आणि वेळ उरलाच तर सोफ्यावर बसून पाहावे. तीस-चाळीस वर्षे वयाच्या गाडीतला सोफा महिनाभरात बदलता येतो. इंजिन उघडावे लागले, तर तो खर्च गाडीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो.

ही गाडी अशी का बांधली गेली, हे कळण्यापुरता इतिहास ठाऊक असावा. जॉर्जिया राज्यातील फोर्ड मोटारींचे विक्रेते अल्बर्ट ल्यूस यांनी १९२७ मध्ये पोलादी सांगाड्याची पहिली बस बांधली आणि त्यातून फोर्ट व्हॅली येथील ब्लू बर्ड कंपनी उभी राहिली. शाळेच्या बस हाच तिचा मुख्य धंदा होता. १९६३ मध्ये तिने आपल्या ‘ऑल अमेरिकन’ या स्कूलबसच्या सांगाड्यात घर बसवले. त्या गाडीचे पहिले नाव ‘ट्रान्झिट होम’ होते, ‘वॉन्डरलॉज’ हे नाव नंतरचे. लहान मुलांना सुखरूप नेण्यासाठी आखलेला पोलादी पिंजरा हाच या घराचा पाया असल्यामुळे गाडी भक्कम असते आणि वजनदारही. शिवाय पोलाद म्हटले की गंज आलाच.

आता अक्षरे. ‘एफसी’ म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल: इंजिन पुढे, चालकाच्या शेजारी, झाकणाखाली. आपल्या जुन्या लाल एस.टी.त चालकाच्या डाव्या हाताला असलेले ते गरम बॉनेट ज्यांना आठवते, त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आवाज आणि उष्णता दोन्ही तशीच केबिनमध्ये येतात. ‘एसपी’ या गाड्यांत इंजिन मागे गेले, ॲक्सल दोनच राहिले. ‘पीटी’ म्हणजे पुशर टॅग, अर्थात मागे इंजिन आणि गाडी ओढणाऱ्या ॲक्सलच्या मागे भार वाटून घेणारा तिसरा, न ओढणारा ॲक्सल. ‘डब्ल्यूबी’ म्हणजे वाइड बॉडी. येथे रुंदी ९६ इंचांवरून १०२ इंचांवर गेली. अक्षरांपुढचा आकडा लांबीचा, फुटांत: एफसी ३५ पस्तीस फुटी, पीटी ४० चाळीस फुटी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एलएक्स आणि एलएक्सआय आल्या, नव्या शतकात एम ३८० आणि पंचेचाळीस फुटी एम ४५० एलएक्सआय. २००७ मध्ये ब्लू बर्डने वॉन्डरलॉजचा व्यवसाय कॅलिफोर्नियातील कम्प्लीट कोच वर्क्सला विकला आणि २००९ मध्ये उत्पादन थांबले. म्हणजे सर्वांत ‘नवी’ वॉन्डरलॉजसुद्धा आज नवी नाही.

कागदपत्रांवरचे वर्ष गाडीशी जुळवून घ्यावे. १९८१ पासूनच्या अमेरिकन गाड्यांच्या सतरा अंकी-अक्षरी ओळख क्रमांकातील दहावे चिन्ह मॉडेलचे वर्ष सांगते: बी म्हणजे १९८१, एच म्हणजे १९८७, आणि आय हे अक्षर वापरत नसल्यामुळे जे म्हणजे १९८८. जाहिरातीत एक वर्ष आणि पाटीवर दुसरे असेल, तर पुढचा प्रश्न तिथूनच सुरू करावा.

इंजिनांचे चार कालखंड डोक्यात ठेवले की निम्मे काम झाले. अगदी सुरुवातीच्या गाड्या पेट्रोलवर चालत. त्यानंतर एफसी गाड्यांत प्रामुख्याने कॅटरपिलर ३२०८ हे १०.४ लिटरचे व्ही-८ डिझेल आले, आधी साधे आणि पुढे टर्बोसह. हे इंजिन सोशिक आहे, पण त्याला वेगळे लायनर, म्हणजे सिलिंडरमध्ये बसवायच्या बदलता येणाऱ्या नळ्या, नाहीत. पिस्टन थेट ब्लॉकमधल्या भोकांत चालतात. त्यामुळे सिलिंडर झिजल्यावर लायनर काढून नवे घालण्याची सोय नाही, ब्लॉकच बोअर करावा लागतो. म्हणून येथे ऑइल बदलल्याच्या नोंदी मागाव्यात आणि नुसत्या तोंडी आश्वासनावर भागवू नये.

मागे इंजिन असलेल्या गाड्यांत डेट्रॉइट डिझेलचे दोन स्ट्रोक इंजिन आले, आणि वॉन्डरलॉजवर जीव टाकणारे लोक बहुतेक याच्याच आवाजावर भाळलेले असतात. त्याचे नावही अक्षरांसारखेच वाचता येते. ८व्ही९२टीए म्हणजे आठ सिलिंडर, व्ही रचना, प्रत्येक सिलिंडर ९२ घन इंचांचा, टर्बो आणि आफ्टरकूलर (टर्बोने तापलेली हवा थंड करणारा भाग) यांसह. एकूण ७३६ घन इंच, म्हणजे सुमारे १२ लिटर. ६व्ही९२ हे त्याचेच सहा सिलिंडरचे, सुमारे ९ लिटरचे भावंड. यात हवा ब्लोअरने ढकलली जाते आणि लायनरच्या मध्यावरील झरोक्यांतून सिलिंडरमध्ये शिरते. तपासणाऱ्याला याचा मोठा फायदा होतो. इंजिन बंद आणि थंड असताना ब्लॉकच्या बाजूची एअरबॉक्सची (या झरोक्यांभोवतीच्या हवेच्या कप्प्याची) छोटी झाकणे मेकॅनिककडून उघडून घ्यावीत, बॅटरीचा प्रकाश आत टाकावा आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवून घ्यावे; झरोक्यांसमोरून पिस्टन सरकताना त्याच्या रिंगा डोळ्यांनी दिसतात. तुटलेली रिंग, लायनरवरचे उभे ओरखडे आणि एअरबॉक्समध्ये साचलेले कूलंट यांपैकी काहीही दिसले, तर इंजिन उघडण्याचा खर्च धरूनच पुढे बोलावे. ९२ मालिकेतील लायनर कूलंटच्या थेट संपर्कात असतात आणि रबरी ओ-रिंगांनी सील केलेले असतात. इंजिन एकदा जरी बेसुमार तापले, तरी त्या रिंगा दगा देऊ शकतात. इंजिनाखाली ऑइलचे चार थेंब पडलेले दिसले, तर तेवढ्याने दचकू नये, कारण एअरबॉक्सच्या निचरा नळ्यांतून थोडे ऑइल ठिबकणे या इंजिनाच्या स्वभावातच आहे. या इंजिनात एकाच ग्रेडचे एसएई ४० ऑइल लागते. मालक कौतुकाने १५डब्ल्यू-४० हे मल्टिग्रेड ऑइल घालत असल्याचे सांगू लागला, तर ते कौतुक आपल्या वहीत तोट्याच्या बाजूला लिहावे.

१९९० च्या दशकात डेट्रॉइटचे सिरीज ६० आले: सरळ रांगेतील सहा सिलिंडर, चार स्ट्रोक आणि सुरुवातीपासून इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. रोजच्या वापरासाठी माझे मत याच इंजिनाच्या बाजूने पडते, कारण ते हजारो ट्रकांत असल्यामुळे भाग आणि मेकॅनिक दोन्ही महामार्गावर सापडतात. दोन स्ट्रोक जाणणारे हात मात्र वर्षागणिक कमी होत आहेत.

गाडीखाली जाण्यापूर्वी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: सस्पेन्शनच्या हवेच्या फुग्यांवर उभ्या असलेल्या गाडीखाली पक्के आधार लावल्याशिवाय कधीही शिरू नये. फुगा फुटला, तर बाहेर पडायला वेळ मिळत नाही. खाली चाकांच्या कमानी, बॅटरीचा कप्पा आणि खिडक्यांखालचा पत्रा गंजासाठी टोचून पाहावा. टायरवरील डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. टॅग ॲक्सलचे टायर वळणावर घासटतात, त्यामुळे त्यांची झीज वेगळी पाहावी.

इंजिन सुरू करण्याआधी ब्लॉकला हात लावावा. तो कोमट लागला, तर मालकाने आधीच गाडी तापवून ठेवली आहे आणि थंड सुरुवात आपल्याला पाहायला मिळणार नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावे. थंड इंजिनाने थोडा वेळ धूर सोडणे समजण्यासारखे आहे, गरम झाल्यावरही निळा धूर राहिला तर नाही. या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; तो दाब साधारण १२० पीएसआयपर्यंत चढू द्यावा. मग सपाट जागी चाकांना ठोकळे लावून इंजिन बंद करावे, पार्किंग ब्रेक सोडावा आणि पायाचा ब्रेक दाबून धरावा. मिनिटाभरात दाब ३ पीएसआयपेक्षा जास्त उतरू नये. पुढे ब्रेक पुन्हापुन्हा दाबून हवा घालवत गेल्यावर ६० च्या सुमारास इशारा वाजला पाहिजे आणि २० ते ४५ च्या दरम्यान पार्किंग ब्रेकचा खटका आपोआप बाहेर आला पाहिजे.

शेवटी गाडी लांब चढावर न्यावी. मागे बसवलेल्या इंजिनाच्या रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, त्याची सारी मदार पंख्यावर असते आणि वर्षानुवर्षांची धूळ ऑइलच्या वाफेत कालवून त्याच्या जाळीत बसलेली असते. खालचा गिअर टाकून चढताना तापमानाचा काटा ९५ अंश सेल्सिअसच्या पुढे सरकू लागला, तर गाडी बाजूला घ्यावी, इंजिन काही मिनिटे रिकामे चालू ठेवावे आणि मग मागचे दार उघडून रेडिएटरच्या जाळीआड प्रकाश टाकावा. जाळीत चिकट काजळी दाटलेली दिसली, तर ती धुऊन काढून याच चढावर पुन्हा फेरी मारल्याखेरीज किमतीचा विषय काढू नये.